लाल सिलिंडर आणि मागचं कुलूप

पत्र थोडक्यात असं: सोलापुरातल्या एका ताई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये अकरा वर्षं कामाला आहेत, त्यातली चार सुपरवायझर म्हणून. पहिल्या मजल्यावर ३४ माणसं काम करतात, त्यात बायकाच जास्त. ऐन सीझनमध्ये एका संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या कापडाच्या गठ्ठ्याने पेट घेतला. ताईंनी मेन स्विच पाडला, ओरडून सगळ्यांना जिन्याने खाली काढलं आणि १०१ला फोन केला. कुणाला ओरखडाही आला नाही. पण एक टेबल, एक मशीन आणि साठ-सत्तर हजारांचा माल जळाला. दुसऱ्या दिवशी कटिंग मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, “भिंतीवर आग विझवायचा सिलिंडर होता की, बाई घाबरल्या.” शेठनीही तेच ऐकवलं. शेठ वाईट नाहीत, ताईंच्या मुलीच्या डिप्लोमासाठी त्यांनी उचल दिली आहे. आता त्यांनी ताईंना ‘फायर इनचार्ज’ केलं आहे आणि एक रजिस्टर पुढे ठेवलं आहे. त्यात गेल्या दीड वर्षातल्या सहा मॉक ड्रिलच्या तारखा आहेत, त्यातलं एकही झालेलं नाही, आणि सहीची जागा रिकामी आहे. ताई विचारतात, “माझं चुकलं का? आग विझवायला कुठे शिकू? आणि सही करू का?” पत्राच्या शेवटी आणखी दोन ओळी आहेत. माल चोरीला गेल्यापासून मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप असतं आणि चावी शेठच्या जुडग्यात असते. सीझनला बाहेरगावची चार पोरं रात्री पोटमाळ्यावर झोपतात, तेव्हा खालच्या शटरलाही बाहेरून कुलूप असतं.

ताई,

तुमचे तीन प्रश्न मी बाजूला ठेवतो आणि त्या शेवटच्या दोन ओळींपासून सुरुवात करतो. त्या तुम्ही जाता जाता लिहिल्यात, पण पत्र वाचताना माझा जीव तिथेच अडकला.

मी सत्तावीस वर्षं सूतगिरण्या आणि कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून काढली. बाहेरून कुलूप आणि आत झोपलेली माणसं हे चित्र आपल्या राज्यात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत साकीनाक्याच्या फरसाणाच्या गाळ्यात बारा कामगार गेले, आगीच्या वेळी ते आत झोपलेले होते. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाचीला साड्यांच्या दुकानात पहाटे आग लागली, दार बाहेरून बंद होतं, आत झोपलेले पाच जण गेले. २०२३च्या शेवटच्या दिवशी पहाटे वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात सहा जण गेले, तेही तिथेच झोपत असत. आणि १८ मे २०२५ची अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेल कारखान्याची आग तर तुमच्या गावातलीच. आठ जीव गेले. त्यात कामगार होते, तसे खुद्द मालक आणि त्यांच्या घरातली माणसंही होती, एक लहान बाळही होतं. धूर मालक कोण नि हेल्पर कोण ते बघत नाही.

झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा येत नाही. कापड जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि तो झोपेतच गुंगी आणतो. शिवाय धूर आधी छताला भिडतो आणि तिथून खाली उतरायला लागतो. पोटमाळा छतालगत असतो, म्हणजे खाली आग दिसायच्या आधीच धूर त्या पोरांच्या अंथरुणात असेल. म्हणून हे पत्र छापून यायची वाट बघू नका, मी ते तुम्हाला आधी पाठवतो आहे. आज रात्रीपासून पोरांची झोपायची सोय दुसरीकडे करायला सांगा: गच्चीवर, शेठच्या दुसऱ्या गाळ्यात, जवळच्या भाड्याच्या खोलीत. सीझनचे दोन महिने चार पोरांच्या खोलीचं भाडं किती होतं याचा हिशेब करून शेठपुढे ठेवा. तेवढ्यावर ते नाही म्हणतील असं तुमच्या पत्रातल्या शेठकडे बघून मला वाटत नाही. एखादी रात्र सोय झालीच नाही, तर शटरचं कुलूप आतून लागलं पाहिजे आणि चावी पोरांच्या हाताशी हवी.

आता तुमचं चुकलं का, ते बघू.

तुम्ही काय केलंत ते क्रमाने बघा. वीज तोडली, आरडाओरडा करून सगळ्यांना सावध केलं, माणसं बाहेर काढली, बंब बोलावला. प्रशिक्षणात हाच क्रम आम्ही घोटून घेतो, आणि तरी प्रत्यक्ष वेळ आली की दहातले आठ जण तो विसरतात. तुमच्या हातून तो कुणी न शिकवता झाला. याला घाबरणं म्हणत असतील, तर प्रत्येक शेडमध्ये असं घाबरणारं एक माणूस असावं असं मला वाटतं.

पण तुम्ही स्वतःही मास्तरांचंच म्हणणं धरून बसला आहात. सिलिंडर उचलला असता तर माल वाचला असता, असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. ते मला तपासून बघायचं आहे.

तुमच्याकडचा सिलिंडर सहा किलोचा एबीसी पावडरचा, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या आगींवर चालणाऱ्या कोरड्या पावडरचा आहे, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. तो पूर्ण दाबून धरला तर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. पावडर ज्वाला मारते, पण कापड थंड करत नाही. एका थराच्या उघड्या कापडावर ती छान चालते. घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यावर वरची ज्वाला विझते आणि आतलं कापड धुमसत राहतं. मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी एका गिरणीत हे डोळ्यांनी पाहिलं. दुपारी गासडी पेटली, दोघांनी पावडर मारली, सगळं पांढरंफेक झालं, सगळ्यांनी त्यांच्या पाठी थोपटल्या आणि पाळी सुटली. मी हात लावून बघितलं तेव्हा गासडी वरून कोमट लागली. ती फोडून बघायला सांगण्याइतका मी तेव्हा मोठा नव्हतो. रात्री साडेतीनला तीच गासडी पुन्हा पेटली आणि शेजारच्या अकरा घेऊन गेली. तिच्या पोटात बारा तास निखारा होता.

१४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटलं, त्यातही कापसाच्या गासड्याच होत्या, दारूगोळ्याच्या सोबतीने. दुपारी धूर दिसला, जवानांनी भरपूर पाणी ओतलं, पण आगीचं मूळ सापडलं नाही, आणि चारच्या सुमारास स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत दर वर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. धुमसणाऱ्या कापसापुढे शिकलेली, सराव झालेली माणसंही हतबल होतात, एवढंच मला सांगायचं आहे. तुमच्या गठ्ठ्याला वीज बंद झाल्यावर भरपूर पाणी लागलं असतं आणि तो फोडून, पसरून, भिजवावा लागला असता. ते काम बंबाचं होतं.

त्यातून तुमचं कापड टेरिकॉटचं. त्यातलं पॉलिस्टर वितळतं, थेंब थेंब गळतं आणि कातडीला चिकटतं. धूर काळा आणि दाट असतो, मिनिटा-दोन मिनिटांत ट्यूबलाइट दिसेनाशी होते. अशा वेळी ३३ जणांना एकाच जिन्याने उतरवायचं होतं. तुम्ही सिलिंडरशी झटत राहिला असता, तर बायका तुमच्याकडे बघत उभ्या राहिल्या असत्या, कारण सुपरवायझर हलत नाही तोवर लाइन हलत नाही. शेडमधलं हे वळण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तरीही सिलिंडर शिकाच. मास्तरांना उत्तर द्यायला नव्हे. बहुतेक आगी सुरुवातीला कचऱ्याच्या टोपलीएवढ्या असतात, आणि तेव्हा त्या खरंच विझतात.

आमच्याकडे दर तीन महिन्यांनी मागच्या अंगणात पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं डिझेल पेटवून प्रत्येकाच्या हाती सिलिंडर देत असू. वाइंडिंगमधल्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यातल्या एक मावशी मला अजून आठवतात. पदर खोचून पुढे आल्या, पिन ओढायला लागल्या, पिन निघेना. कपाळावर घाम. दुसऱ्या हाताने त्यांनी दांडा गच्च धरला होता, भीतीने आपोआप दाबला जात होता, आणि दांडा दाबला की पिन आतच अडकते. मी म्हटलं, “मावशी, दांडा सोडा. सिलिंडर खाली टेकवा. आता पिन पिळा आणि ओढा.” प्लॅस्टिकचं सील तट्‌कन तुटलं. मग नळीचं तोंड ज्वालेच्या बुडाशी, दोन-अडीच मीटरवरून, दांडा दाबून झाडूसारखं डावीकडून उजवीकडे. आग विझली. मावशी तशाच उभ्या होत्या, हातात रिकामा सिलिंडर, पापण्यांवर पांढरी पावडर. म्हणाल्या, “संपला पण?” तो प्रश्न प्रत्येकाच्या तोंडून यायला हवा. किती लवकर संपतो हे एकदा हाताला कळलं, की माणूस मोठ्या आगीसमोर उभं राहायचं धाडस करत नाही.

म्हणून सिलिंडर कधी उचलायचा, हे तो कसा चालवायचा याच्या आधी ठरवा. आग कंबरेच्या वर गेलेली नाही, बाकीचे बाहेर निघालेत, कुणीतरी १०१ किंवा ११२ला फोन करतंय आणि तुमच्या पाठीमागे बाहेर जायचं दार आहे: हे सगळं जुळत असेल तरच. यातलं एकही नसेल तर सिलिंडर भिंतीवर राहू द्या. एक सिलिंडर संपेपर्यंत विझली नाही तर दुसरा शोधायला जाऊ नका, दार ओढून घेऊन निघा. बंद दार आगीची हवा तोडतं आणि जिन्यातला धूर रोखतं. विझली असं वाटलं तरी आगीकडे पाठ न करता मागे सरका, आणि गठ्ठा असेल तर बंबवाल्यांनी बघितल्याशिवाय आत कुणाला सोडू नका.

इलेक्ट्रिक बोर्डाला आग असेल तर पाणी कधीच नाही. आधी मेन स्विच, मग कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर तो, नसेल तर पावडर. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा काळा भोंगा हाताने धरू नका, तो इतका गार पडतो की कातडी सोलते. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे महिन्याच्या एक तारखेला बघायचं, आणि त्याच्यासमोर गठ्ठे रचायचे नाहीत. सीझनला तुमच्याकडे सिलिंडर कापडामागे गेलेला असणार, आमच्याकडेही जायचा.

कुणाच्या अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर तिला पळू देऊ नका. जमिनीवर आडवं पाडून लोळवा, जाड सुती चादर किंवा गोणपाट टाकून ज्वाला दाबा. नंतर भाजल्या जागी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. कातडीला चिकटलेलं पॉलिस्टर ओढून काढू नका, ते डॉक्टरांवर सोडा. तुमच्या बायका ओढणी आणि पदर मशीनवर बसताना खोचतात, इस्त्रीकडे जाताना मोकळा सोडतात. तिथेही खोचायचा.

मूळ आगीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय: “प्रेसवाला चहाला गेला होता.” इस्त्री चालू, तोंड खाली, शेजारी तयार माल. यात प्रेसवाल्याला धारेवर धरून काही होणार नाही. सीझनला पीस रेटवर काम करणारा माणूस इस्त्री गार व्हायची वाट बघणार नाही, तुम्हीही नाही बघणार. त्यापेक्षा टेबलावर इस्त्री ठेवायला लोखंडी स्टँड द्या, इस्त्रीच्या स्विचबोर्डावर लाल दिवा लावा म्हणजे चालू आहे ते लांबून दिसेल, आणि टेबलाभोवती एक मीटर पिवळा पट्टा आखून त्यात माल नाही असं ठरवा. कतरण दिवसातून दोनदा पोत्यात भरून खाली न्या, मशीनखाली साठू देऊ नका. मोटारीवर आणि बोर्डात बसणारा कापडाचा रुवा दर शनिवारी वीज बंद करून झाडा. एका प्लगला तीन मशीनचा जुगाड असेल, तर सोलापूरच्या मे महिन्यात ती वायर दुपारी हाताला गरम लागेल. तशी लागली तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा.

आता मागचं दार. शेठना चोरीची भीती आहे, आणि ती खोटी नाही. माल गेला होता ना! म्हणून “कुलूप काढा” एवढंच म्हणून चालणार नाही, चोरीचंही उत्तर द्यावं लागेल. दाराला आतून साधी कडी ठेवा, जी आतल्या माणसाला चावीशिवाय एका हाताने उघडेल आणि बाहेरच्याला उघडणार नाही. दार उघडलं की वाजणारी बॅटरीची घंटा इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते, ती चौकटीवर लावा. एक कॅमेरा त्या जिन्याकडे वळवा. रात्री शेवटचा माणूस बाहेर पडला, आत कुणी नाही याची खात्री झाली, की मग खुशाल कुलूप लावा. ‘चावी काचेच्या पेटीत ठेवू’ ही तडजोड मात्र मान्य करू नका. धुरात ती पेटी कुणाला सापडत नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का तेही बघा. आत उघडत असेल तर मागून गर्दी रेटली की ते उघडताच येत नाही.

आणि रजिस्टर.

ताई, सही करू नका. शेठनी तुमच्या लेकीच्या शिक्षणाला हात दिला, त्याची जाणीव तुम्हाला आहे आणि ती असावीच. पण उचल पगारातून फिटते. ही सही कशातून फिटणार? उद्या काही झालं तर ‘कामगारांना सहा वेळा सराव दिला’ असं तुमच्या अक्षरात लिहिलेलं असेल, आणि न दिलेल्या सरावाची जबाबदार तुम्ही ठराल. महाराष्ट्रातला २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम ही जबाबदारी मालकावर किंवा जागेचा ताबा असलेल्यावर टाकतो. यंत्रणा चालू स्थितीत आहे याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा, परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचं असतं. ते सुपरवायझरच्या सहीने होत नाही. बाहेर पडायची वाट कामगारांना माहीत असावी आणि त्यांना सराव द्यावा, हे तर १९४८च्या कारखाना कायद्यातही लिहिलं होतं. शेठना यातलं सगळं ठाऊक असेलच असं नाही. खूप छोट्या मालकांना फक्त ‘कागद पूर्ण करा’ एवढंच कुणीतरी सांगितलेलं असतं.

त्यामुळे नकार देताना दुसरी वाट हातात घेऊन जा. मी असं म्हणेन: “शेठ, जुन्या तारखांवर मी सही करत नाही. या शनिवारी चारला आपण खरा सराव घेऊ, वीस मिनिटं लागतील, त्याच्याखाली मी सही करते. यापुढे दर तीन महिन्यांनी.” महापालिकेच्या अग्निशमन केंद्रात जाऊन अर्ज दिलात तर ते प्रात्यक्षिकासाठी माणसं पाठवू शकतात. पहिल्या सरावाला मागचा जिना वापरा, तो रिकामा करावाच लागेल. खाली जमायची जागा रस्त्याच्या पलीकडे ठरवा, बंबाच्या वाटेत नको. हजेरीपट घेऊन डोकी मोजा. किती मिनिटं लागली ते रजिस्टरमध्ये लिहा, जास्त लागली तर जास्तच लिहा.

इनचार्जपद घ्यायचं असेल तर तीन गोष्टी आधी मागून घ्या. धूर दिसला की कुणाला न विचारता मेन स्विच पाडायचा, १०१ला फोन करायचा आणि काम थांबवून सगळ्यांना खाली काढायचं. हे तीन अधिकार शेठनी सगळ्यांसमोर तोंडी दिले तरी पुरे. ते नसतील तर ते पद तुमच्यावर फक्त दोष ठेवण्यापुरतं उरतं, आणि ते नाकारण्यात काही वाईट नाही.

शेठ कशालाच तयार झाले नाहीत तर? नोकरी तुमची आहे आणि घर तुमच्या पगारावर आहे, तेव्हा ‘तक्रार कराच’ असं मी इथे बसून म्हणणं सोपं आहे. रजिस्टरसाठी तुम्ही थांबू शकता, नुसती सही टाळत राहू शकता. पण आत कोंडलेल्या पोरांसाठी थांबता येणार नाही. त्या एका गोष्टीसाठी अग्निशमन केंद्राला नाव न घालता कळवलंत तरी मी ते योग्य मानेन. तिथवर जावं लागू नये म्हणून आधी शेठशी एकट्याने बोला, मास्तरांसमोर नको. टॉवेल कारखान्याच्या आगीचा विषय काढा. त्या दिवशी गावात काय वातावरण होतं ते शेठनाही आठवत असेल.

मास्तरांना शनिवारच्या सरावात सिलिंडर पहिल्यांदा त्यांच्याच हातात द्या. पिन अडकली तर मदत करा. आणि मागच्या दाराचं कुलूप निघालं, पोरं दुसरीकडे झोपायला लागली, की मला दोन ओळी लिहून कळवा. मी वाट बघतो आहे.